तोंड भिंतीकडे

सत्तावीस नंबरच्या चित्राचा कागद फाडला आणि लेव्हलमामाच्या हातातली कात्री जागच्या जागी थांबली. सकाळचे साडेनऊ वाजले होते. चार वाजता व्याख्यान, साडेपाचला उद्घाटन, मग सरबत आणि बिस्किटं, आणि अजून सहा चित्रं भिंतीवर चढायची होती. अशा वेळी चित्राकडे बघत उभं राहणं हा त्याच्या धंद्यात गुन्हाच. चित्रं बघायला लोक येतात, टांगणाऱ्याने बघायची असते ती दोरी, खिळा आणि पाणसळीतला बुडबुडा. कॉलेजच्या कलासंग्रहालयात सव्वीस वर्षं त्याने हेच केलं होतं. खिशात कायम ती वीतभर पाणसळ, म्हणून पोरांनी नाव ठेवलं लेव्हलमामा, आणि मग मास्तर काय, शिपाई काय, सगळेच म्हणायला लागले. त्यालाही ते आवडायचं. पण आज पाणसळ खिशातच राहिली. चित्र चहाच्या ट्रेएवढं. त्यात दोन हात, बाईमाणसाचे, मनगटाच्या जरा वरपर्यंत, मांडीवरच्या कापडाला बटण लावणारे. उजव्या हाताच्या तर्जनीचं नख मधोमध चिरलेलं, दोन उतारांच्या छपरासारखं. तो सात वर्षांचा असताना शिलाई मशीनची सुई त्या बोटातून आरपार गेली होती. आईने हूं की चूं केलं नव्हतं, चाक उलटं फिरवून सुई वर घेतली होती आणि आधी कापडाला रक्त लागलं का ते पाहिलं होतं. नख पुढे तसंच दुभंगलेलं वाढलं. त्याच नखाने ती त्याच्या डोक्यातला मळ खरवडायची, आणि ते टोचायचं. अहो, जगात हात लाख असतील, पण हे बोट दुसऱ्या कोणाचं असायचं कारणच नव्हतं.

भिंतीवर, चित्राच्या रिकाम्या जागेशेजारी, त्यानेच काल संध्याकाळी चिकटवलेली पाटी होती. आधी पाट्या, मग चित्रं, ही त्याची पद्धत. उंची चुकत नाही. पाटीवर लिहिलं होतं, सत्तावीस, हातांचा अभ्यास, तैलरंग, मॉडेल अज्ञात. चित्रकाराचं नाव लिहायची गरज नव्हती, कारण सगळं प्रदर्शन एकाच माणसाचं होतं. मोठे सर. याच कॉलेजात तीस वर्षं शिकवलं, बावीस वर्षांपूर्वी गेले, आणि आता त्यांच्या खोलीत सापडलेली, कधी कोणी न पाहिलेली, सही नसलेली लहान चित्रं पहिल्यांदा बाहेर निघत होती. चित्रं फ्रेमवाल्याकडून काल उशिरा, कागदात गुंडाळून आली, म्हणून इतका वेळ हे झाकलेलं राहिलं. मामाने पाटी दोनदा वाचली. अज्ञात म्हणे. ती बाई रोज सकाळी त्याला दोन हाका मारून उठवायची आणि तिसऱ्या हाकेला पांघरूण ओढायची. त्याला हसू आलं, आणि ते लगेच विरलं. कारण चित्र आईचं होतं ही निम्मीच गोष्ट. ते काढलं कोणी, हेही त्याला ठाऊक होतं. सरांनी काढलेलं नव्हतं. ताईने काढलं होतं.

अडतीस वर्षं झाली. ताई तेव्हा या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि तो एकोणिसाचा, कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडे उमेदवारी करणारा. वर्षाअखेरीला सगळ्यांची चित्रं मोठ्या सरांच्या खोलीत मांडायची, त्यावर निकाल. ताईने महिनाभर आईला खिडकीशी बसवून ते हात रंगवले होते. आई कुरकुरायची, "अगं, तोंड काढ की, हात कसले काढतेस मेले!" आणि ताई म्हणायची, "तोंड सगळ्यांना असतं." कॅनव्हास ताणून दिला होता त्यानेच. तो डावखुरा, म्हणून कोपऱ्याची घडी उलट्या बाजूला पडायची. फ्रेमवाला त्यावरून रोज शिव्या घालायचा. नेमकं त्या दिवशी ताई तापाने फणफणली, आणि चित्र न्यायचं काम त्याच्यावर आलं. तिने अंथरुणातून सांगितलं होतं, अगदी हाताला धरून, "धाकट्या, रंग एका कोपऱ्याला ओला आहे, जपून ने. आणि ठेवण्याआधी मागे माझं नाव लिही. विसरू नकोस." त्याने चादरीत बांधून, सायकल हातात धरून, चालत चालत नेलं होतं. सरांच्या खोलीत चिटपाखरू नव्हतं. ओलं चित्र कधी उघडं ठेवू नये, धूळ बसते, येणाऱ्याजाणाऱ्याचा हात लागतो, हे फ्रेमवाल्याने त्याला चापट मारून शिकवलेलं. म्हणून त्याने ते शहाण्यासारखं भिंतीकडे तोंड करून टेकवलं. पेन्सिल कानावर होती. कानावरची पेन्सिल काढायला किती वेळ लागतो? तेवढ्यात खालून फ्रेमवाल्याची आरोळी आली, काचा आल्या होत्या, उतरवायला माणूस नव्हता. संध्याकाळी येऊन लिहू, म्हणून तो पळाला. संध्याकाळी खोलीला कुलूप होतं. आणि मग निकालाच्या दिवशी सर म्हणाले, या मुलीचं चित्र आलेलंच नाही.

पुढचं आठवलं की अजून त्याचे कान तापायचे. ताई ताप अंगात घेऊन कॉलेजात गेली होती, सगळी खोली धुंडाळली होती म्हणे. म्हणजे भिंतींवरची चित्रं बघितली असणार. भिंतीला तोंड करून रचलेली पन्नास-साठ चौकटींची थप्पी उलटायला कोणी दिली असेल तिला? घरी आल्यावर तिने आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "पोचवलंस ना नक्की?" तो म्हणाला, "पोचवलं." ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात त्याला दिसलं की तिचा विश्वास बसलेला नाही. वाटेत कुठे पडलं, कुठे चहाला थांबला, विसरला, आणि आता भीतीने खोटं बोलतोय, असं तिला वाटतंय. वर्ष गेलं ते गेलंच. पुन्हा बसायला घरात ऐपत नव्हती, ताईने मोजणी खात्यात नकाशे गिरवायची नोकरी धरली. तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या रेषा गिरवल्या. ब्रश पुन्हा हातात धरला नाही, आणि कधी कोणी विषय काढलाच तर म्हणायची, "ते वेड होतं गं, वयाचं." लग्नही केलं नाही. त्याच्याच घरात, त्याच्या बायकोशी छान जमवून राहिली. बायको गमतीने म्हणायची, तुम्ही दोघं भावंडं मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून बसता. भांडण एकदाही झालं नाही. फक्त पत्र टाकायला दिलं, बिल भरायला दिलं, डबा कोणाकडे द्यायला दिला की संध्याकाळी ताई सहज विचारायची, "पोचवलंस ना?" सहजच. अडतीस वर्षं. आणि खरी गंमत, किंवा काय म्हणायचं ते, अशी की वर्षं गेली तसा त्याचा स्वतःवरचा विश्वासही उडाला होता. खरंच ठेवलं होतं का आपण? की दुसऱ्याच खोलीत? कधी स्वप्नात सायकल दिसायची आणि कॅरियर रिकामा असायचा.

आणि ते इथे होतं. त्याने चित्र टेबलावरच्या ब्लँकेटवर हलकेच पालथं घातलं. फ्रेमवाल्याने पाठ उघडीच ठेवली होती, नंबर दिसला पाहिजे म्हणून. चारही कोपऱ्यांच्या घड्या उलट्या बाजूला. वरच्या पट्टीवर खिळे जरा वाकडे, कारण हातोडी तेव्हा नीट हातात बसली नव्हती. आणि मधोमध, जिथे ताईचं नाव असायला हवं होतं, तिथे पिवळी पडलेली कागदी चिठ्ठी. तीनशे सतरा. तीनचं पोट मोठं, सातला आडवी रेघ. अक्षर त्याचं होतं. सर गेल्यावर त्यांच्या खोलीतल्या सामानाची नोंद केली तेव्हाचं. तीन दिवस, तीन माणसं. कारकून वहीत मापं लिहायचा, शिपाई चौकट धरायचा, आणि हा चिठ्ठी लिहून पाठीवर डकवायचा. थप्पीतल्या चौकटी पाठीकडूनच येत आणि पाठीकडूनच जात. चारशे बारा झाल्या. पुढून बघायला वेळ कोणाला होता, आणि बघायचं कारण तरी काय? खोली सरांची, तर चित्र सरांचं. उलट्या घड्या दिसल्याही असतील. पण तेव्हा निम्म्या कॉलेजला कॅनव्हास त्यानेच ताणून दिलेले, त्यात काय बघायचं? म्हणजे एकदा तोंड भिंतीकडे करून ठेवलं तो मीच, नाव न लिहिता पळालो तो मीच, आणि सोळा वर्षांनी त्याच कोऱ्या जागेवर दुसऱ्याच्या मालकीचा शिक्का मारून आलो तोही मीच, असं तो मनाशी म्हणाला. दुसऱ्या कोणावर राग काढावा तर जागाच नव्हती. सरांनी ढापलं असं म्हणावं, तर पुरावा काय? कदाचित त्यांनी कधी उलटून पाहिलंच नसेल. कदाचित पाहिलं असेल, आवडलं असेल, आणि उशीर झालेला असेल. गेलेल्या माणसाला विचारणार कोण.

क्युरेटर मॅडम आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात पाहुण्यांची यादी. बाई चांगल्या. वयाने त्याच्या मुलीएवढ्या, पण मामाला अहोजाहो करायच्या, त्याची खुर्ची कोणी घेतली तर उठवायच्या. त्याने धीर करून सगळं सांगितलं, म्हणजे सांगायला गेला तसं सांगितलं, मागचं पुढे, पुढचं मागे. नख, सुई, सायकल, काचा. मॅडमनी यादी खाली ठेवली आणि चित्र पाहिलं, पाठ पाहिली. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही, हे त्याला पुढे पुष्कळ वेळा आठवलं.

"तुमच्याकडे काही आहे का मामा? फोटो, त्या वेळचं स्केच, काहीही?"

"आईचा एक फोटो आहे. पण त्यात हात पदराखाली आहेत."

"आणि हा नंबर... हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

मॅडमनी तीनशे सतरावर बोट टेकवलं. त्याच्याच अक्षरात चित्र सरांचं ठरलं होतं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मामा, माझा तुमच्यावर विश्वास आहे. खरंच. पण रजिस्टरमध्ये नोंद आहे, पुस्तिका छापून आल्यात, सरांची मुलगी स्वतः येतेय, आणि समीक्षकांचं व्याख्यान संपतंच मुळी या चित्रावर. आज मी काय करू, सांगा तुम्ही. सोमवारी बसू. नीट बसू." त्याने मान हलवली. काय सांगणार? सोमवारी बसून तरी तीनचं पोट लहान होणार नव्हतं. "टांगू ना मग?" त्याने विचारलं, आणि आपण परवानगी मागतोय याची त्याला लाज वाटली. "टांगा," मॅडम म्हणाल्या. त्याने टांगलं. पाणसळ लावली, बुडबुडा मध्ये आणला. आयुष्यात इतकं सरळ चित्र त्याने टांगलं नसेल.

आता या सगळ्यात एकच आशा होती, की ताई येत नाही. कॉलेज जुन्या विद्यार्थ्यांना दर प्रदर्शनाचं निमंत्रण पाठवायचं, आणि ताई त्या जाड कार्डाच्या मागे किराणा सामानाची यादी करायची. सव्वीस वर्षांत तिने संग्रहालयाची पायरी चढलेली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. "धाकट्या, मी येतेय रे संध्याकाळी." त्याने हातातला घास डब्यात परत ठेवला. "कशाला उगाच? गर्दी असते, तुझा डोळा..." "अरे, डोळ्यासाठीच! पंधरा दिवस झाले ऑपरेशनला, डॉक्टर म्हणाले सगळं लख्ख दिसेल. घरात काय बघू? तुझं तोंड? ते तर पाठ आहे." ती खळखळून हसली. मग म्हणाली, "सरांचं आहे ना. बघून घेते एकदा. राग कशाला धरून बसायचा आता." फोन ठेवल्यावर तो डबा तसाच झाकून गॅलरीत गेला. सत्तावीस उतरवता येईल का? काच तडकली म्हणून सांगता येईल. खरंच तडकवताही येईल, अंगठ्याने जोर दिला की झालं. तो चित्रासमोर उभा राहिला, अंगठा उचललाही. चिरलेल्या नखाचा हात बटणातून दोरा ओढत होता. आईच्या हातावर काच फोडायची? छे. त्याने अंगठा खिशात घातला. मग एकदम वाटलं, येऊ दे तिला. बघू दे. आणि लगेच वाटलं, नको, देवा, नको. हे दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी कसं वाटू शकतं याचं त्याला नवल वाटलं.

व्याख्यानाला सभागृह भरलं. मामाचं काम फिरता माईक सांभाळायचं. प्रश्नांच्या वेळी ज्याचा हात वर होईल त्याच्यापर्यंत माईक न्यायचा, बोलून झालं की परत घ्यायचा. इतक्या वर्षांत हजारभर लोकांच्या तोंडाशी त्याने माईक धरला असेल, स्वतः त्यात एक अक्षर बोलला नव्हता. ताई शेवटून तिसऱ्या रांगेत बसली होती, काळा चष्मा लावून, पर्स मांडीवर घट्ट धरून. समीक्षक उंच, चांगला बोलणारा माणूस. एक एक चित्र पडद्यावर येत होतं. शेवटी सत्तावीस आलं, भिंतीएवढं. नखातली चीर हातभर लांब दिसत होती. "इथे," समीक्षक म्हणाले, "सरांनी पहिल्यांदा श्रमांकडे पाहिलं. हे नख बघा. कोणी म्हणेल हा अपघात, मला तो निर्णय वाटतो. चेहरा नाकारण्याचा धाडसी निर्णय." मामाने ताईकडे पाहिलं. अंधारात तिचा चष्मा तेवढा चकाकत होता. ती हलली नाही. दिवे लागले, टाळ्या झाल्या, तीन प्रश्न झाले. "आणखी कोणाला काही विचारायचंय?" समीक्षकांनी विचारलं. कोणी हात वर केला नाही. माईक मामाच्या हातात होता. चालू होता. सगळं सभागृह गप्प होतं, आणि त्या गप्पपणात त्याने माईक स्वतःच्या तोंडाशी नेला. कसा नेला ते त्यालाच कळलं नाही. "ते..." तो म्हणाला, आणि स्वतःचा आवाज चारही भिंतींतून अंगावर आल्यावर दचकला. "ते..." "चालू आहे, मामा, चालू आहे! आता टेस्टिंग कशाला?" समीक्षक हसत म्हणाले. सगळे हसले. त्यात वाईट कोणीच नव्हतं. तोही हसला, आणि माईक बंद केला.

ताई त्याला थेट गॅलरीत सापडली. लोक सरबताचे ग्लास घेऊन चित्रांकडे पाठ करून गप्पा मारत होते, तसे ते नेहमीच मारतात. सत्तावीससमोर ती एकटी. काळा चष्मा काढून हातात घेतला होता. हातभर अंतरावर जमिनीला पिवळी पट्टी होती, ती मामाने चिकटवलेली, त्याच्या पुढे जायचं नाही. ताईच्या चपला पट्टीच्या आत होत्या. तिचं नाक जवळजवळ काचेला लागलं होतं, आणि नवा डोळा भिरभिरत होता, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, नकाशा तपासताना फिरायचा तसा. तिच्या मागे उभं राहून मामाने वाट पाहिली. आता ती वळेल, आता विचारेल, हे काय आहे, हे इथे कसं. ती वळली तेव्हा तिचे गाल ओले होते आणि ती हसत होती. असं हसताना त्याने तिला बावीस वर्षांची असताना पाहिलं होतं, नंतर नाही.

"पोचवलं होतंस रे तू," ती म्हणाली.

त्याने खिशातली पाणसळ मुठीत धरली.

"इतकी वर्षं मला वाटत होतं, तू टाकलंस कुठेतरी. आई जाताना मला म्हणाली होती, माझा पोरगा खोटं बोलत नाही. मी तिचंही ऐकलं नाही. किती छळलं रे मी तुला. पोचवलंस ना, पोचवलंस ना..." तिने त्याचा दंड धरला. "पोचवलं होतंस. बाई गं. धाकट्या, माफ कर मला."

"ताई, तसं नाही गं," तो कसाबसा म्हणाला. "ऐक जरा. घरी जाऊन बोलू."

"घरी कशाला?" तिने डोळे पुसले. आवाजात एक जोर आला होता, ताठा आला होता, जणू मधली सगळी वर्षं एका बाजूला सारून ती निकालाच्या दिवशी परत येऊन उभी राहिली होती. "तो समीक्षक काय काय बरळत होता! निर्णय म्हणे. पण आपल्याकडे पुरावा आहे ना. मागे नाव असेल की माझं. मी तुला लिहायला सांगितलं होतं. तू पोचवलंस, म्हणजे नावही लिहिलंच असशील. काढ ते भिंतीवरून. उलटं करून दाखव त्यांना."

त्याने दोन्ही हात फ्रेमला लावले. का लावले? सव्वीस वर्षांची सवय, चित्र म्हटलं की हात जातात. खालची कड भिंतीपासून चार बोटं सुटली, आणि त्या फटीत, दिव्याच्या तिरप्या उजेडात, त्याला चिठ्ठीचा कोपरा दिसला. बावीस वर्षांत एक टोकसुद्धा उचकटलेलं नव्हतं. खळ त्याने घरी शिजवून आणली होती, चांगली घट्ट.

"दिसतंय ना?" ताईने मागून विचारलं. "आहे ना तुझं अक्षर?"

"आहे," तो म्हणाला. "अक्षर माझंच आहे."

"मग झालं तर!" ताई म्हणाली, आणि त्याने तिच्याकडे वळून काही म्हणायच्या आत तिने, आयुष्यात कधी चारचौघांत आवाज न चढवणाऱ्या बाईने, हात उंच केला. "अहो मॅडम! जरा इकडे या. सगळेच या."

गप्पा थांबल्या. लोक ग्लास घेऊन वळले. मॅडमनी मामाकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या, भिंतीपासून सुटलेल्या चित्राकडे पाहिलं, आणि हातातला ग्लास टेबलावर ठेवून त्या यायला निघाल्या.